'राइटियस किल' : दोन दिग्गज एका चौकटीत, आणि मधली जागा रिकामी

१२ सप्टेंबर २००८ रोजी 'राइटियस किल' अमेरिकेत प्रदर्शित झाला. रॉबर्ट डी निरो आणि अल पचिनो या दोघांची नावे असलेला हा तिसरा चित्रपट, पण प्रेक्षकांच्या हिशेबात जवळजवळ पहिलाच. 'द गॉडफादर : भाग २' (१९७४) मध्ये डी निरो तरुण व्हिटो होता आणि पचिनो त्याचा मुलगा मायकेल. दोघांच्या कथांचा काळच वेगळा, त्यामुळे एकाही चौकटीत ते एकत्र दिसले नाहीत. 'हीट' (१९९५) हा १७० मिनिटांचा चित्रपट, पण त्यातही दोघे खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात ते दोनदाच: एकदा कॉफीच्या टेबलावर आणि एकदा अखेरीस लॉस एंजेलिसच्या विमानतळावर. 'राइटियस किल'मध्ये मात्र ते न्यूयॉर्क पोलिसांतले जुने जोडीदार आहेत आणि १०१ मिनिटांपैकी बराच वेळ शेजारी शेजारी आहेत. तेरा वर्षे ज्याची वाट पाहिली ते भरभरून मिळाले, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडताना हाती काहीच लागले नाही.

याची नेहमीची कारणे तीन सांगितली जातात: दोघे म्हातारे झाले होते, दोघांनी मन लावून काम केले नाही आणि दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हनेट कमी पडला. तिन्हींत थोडे थोडे तथ्य असेलही, पण दुखणे त्याआधीचे, पटकथेतले आहे. या पटकथेने असे रहस्य निवडले की ते राखायचे तर या दोन माणसांमधले नातेच पडद्याआड ठेवावे लागले. लोक जे पाहायला आले होते, नेमके तेच लपवावे लागले. पुढे चित्रपटाचा शेवट उघड केलेला आहे. तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण मांडताच येत नाही.

कथा काय आहे

टर्क (डी निरो) आणि रूस्टर (पचिनो) हे अनुभवी डिटेक्टिव्ह, अनेक वर्षांचे जोडीदार. शहरात एकामागून एक खून होत आहेत. मरणारे सगळे गुन्हेगार, बहुतेक कायद्याच्या फटीतून सुटलेले. प्रेताशेजारी प्रत्येक वेळी यमक जुळवलेली छोटीशी कविता सापडते. तपासात सायमन पेरेझ (जॉन लेग्विझामो) आणि टेड रायली (डॉनी वॉलबर्ग) हे तरुण डिटेक्टिव्ह सामील होतात आणि त्यांचा संशय हळूहळू टर्कवर येतो. टर्क तापट आहे. कॅरन कोरेली (कार्ला गुगिनो) ही त्याच पथकातली अधिकारी त्याची मैत्रीण आहे, आणि ती पूर्वी पेरेझबरोबर होती. वरिष्ठ लेफ्टनंट हिंगिस (ब्रायन डेनेही) हे सगळे नाइलाजाने पाहतो आहे.

मागे एक जुने पाप आहे. चार्ल्स रँडल नावाचा आरोपी खुनाच्या खटल्यातून सुटला, तेव्हा टर्कने त्याच्याकडे पिस्तूल पेरून त्याला आत घातले. रूस्टरला हे माहीत होते. ज्याला तो आदर्श पोलीस मानत होता त्यानेच खोटा पुरावा उभा केला, हे पाहून रूस्टरच्या आतले काहीतरी मोडले आणि तो स्वतःच शिक्षा देत सुटला. खुनी रूस्टर आहे. शेवटी एका बांधकामाच्या जागी टर्कची गोळी त्याला लागते.

हा गाभा कच्चा नाही, हे आवर्जून सांगायला हवे. एका मित्राची एकच लबाडी दुसऱ्या मित्राला चौदा खुनांपर्यंत नेते आणि पहिल्याला ते कळतच नाही: यात दोन मोठ्या नटांना पुरून उरेल एवढे द्रव्य आहे. पटकथाकार रसेल गेविर्ट्झ नवखाही नव्हता. स्पाइक ली दिग्दर्शित 'इनसाइड मॅन' (२००६) ही त्याचीच पटकथा. पण तिथे रहस्य 'दरोडा कसा पार पडला' याचे होते, आणि असे रहस्य पात्रांच्या नात्याला धक्का न लावता लपवता येते. 'खुनी दोघांपैकी कोण' हे रहस्य तसे लपवता येत नाही.

पहिल्याच मिनिटांत फुटलेले रहस्य

चित्रपट उघडतो तो डी निरोच्या कबुलीजबाबाने. कॅमेऱ्यासमोर बसून तो सांगतो, मी डिटेक्टिव्ह डेव्हिड फिस्क आणि मी चौदा माणसे मारली. ही चित्रफीत मग पूर्ण चित्रपटभर अधूनमधून परतते आणि निवेदनाचे काम करते.

आता रहस्यपट पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक काय करतो ते पाहा. खुनी कोण, हा प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटाने पहिल्याच दृश्यात उत्तर दिले, म्हणजे ते उत्तर खोटे. मग उरले कोण? पेरेझ आणि रायली हे दुय्यम, हिंगिस आणखी दूर, कॅरनला तेवढी जागाच नाही. जाहिरातीच्या फलकावर दोनच चेहरे, त्यातल्या एकाने गुन्हा कबूल केला, तर दुसराच खुनी. हा हिशेब करायला तर्काची गरज नाही, फलक पुरतो. तारांकित कलाकार असलेल्या रहस्यपटाची ही कायमची अडचण आहे: मानधन जितके मोठे तितका त्या पात्रावरचा संशय मोठा. यावरचा उपाय म्हणजे संशयितांची संख्या वाढवणे आणि त्यांना तोलामोलाचे नट देणे. इथे संशयितांचे वर्तुळ दोघांवर आणून ठेवले आणि त्यातला एक सुरुवातीलाच वापरून टाकला.

दुसरे नुकसान जास्त खोल आहे. पेरेझ आणि रायली जो संशय पुरावा गोळा करत उभा करतात, तो प्रेक्षकाला आधीच तोंडी सांगून झालेला असतो. ज्याने कबुलीवर विश्वास ठेवला त्याला तपास म्हणजे पुनरुक्ती. ज्याने नाही ठेवला त्याला तपास चुकीच्या वाटेने चाललेला दिसतो. दोन्ही प्रेक्षक तपासाच्या पुढे आहेत. संकलक पॉल हर्श हा अतिशय मुरलेला माणूस. चित्रफितीकडे परत जाणाऱ्या जोडण्या स्वच्छ आहेत. पण प्रत्येक वेळी ती परतते तेव्हा तीच माहिती पुन्हा मिळते. संकलनाने गती येते, नवी माहिती येत नाही.

नावांची लपवाछपवी

ही कबुली तांत्रिकदृष्ट्या खोटी ठरू नये म्हणून केलेली युक्ती अशी: डेव्हिड फिस्क हे रूस्टरचे खरे नाव. टर्कचे खरे नाव टॉम कोवन. रूस्टरने आपली डायरी टर्कला कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचायला लावली, तीच ती चित्रफीत. म्हणजे चित्रपट खोटे बोलत नाही, फक्त कोण कोणाचे शब्द बोलतो आहे हे सांगत नाही.

कागदावर हे चतुर वाटते. पडद्यावर त्याची किंमत रोज मोजावी लागते, कारण ही युक्ती टिकवायची तर शेवटापर्यंत कुणीही या दोघांना खऱ्या नावाने हाक मारता कामा नये. पोलीस ठाणे म्हणजे आडनावांची जागा: अहवालावर नाव, वरिष्ठाच्या तोंडी नाव, साक्षीदारासमोर ओळख करून देताना नाव, विभागाच्या मानसतज्ज्ञाकडे गेल्यावर नाव. हे सगळे टाळायचे म्हणजे ठाण्यातली नेहमीची, खरी वाटणारी संभाषणेच कापायची. पोलिसपट जगतो तो अशाच बारीक तपशिलांवर. इथे ठाणे सतत अर्धवट उभे राहिल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

त्यात कार्यपद्धतीचा घोळ वेगळा. संशय पोलिसावरच आहे असे दिसले की प्रकरण त्या पथकाच्या हातातून काढून अंतर्गत चौकशी विभागाकडे जायला हवे. इथे संशयित, त्याचा जोडीदार, त्याची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचा पूर्वीचा मित्र एकाच खुनाचा तपास करतात. ही गुंतागुंत लेखकाने मुद्दाम संघर्ष म्हणून वापरली असती तर ती ताकद ठरली असती. पण कॅरन हे पात्र टर्क हिंसक आहे असे भासवण्यापुरते लिहिलेले आहे, आणि नंतर रूस्टरची क्रूरता दाखवण्यासाठी तिच्यावर अत्याचार होतो. चित्रपटातली ठळक स्त्री दोन पुरुषांविषयीचा पुरावा होऊन राहते. हा या पटकथेतला सगळ्यात वाईट भाग.

नटांच्या हाती काय दिले

रूस्टर खुनी आहे हे शेवटपर्यंत लपवायचे, म्हणून पचिनोला साधारण सव्वा तास मनात काही नसल्यासारखे वावरावे लागते. तो हसतमुख, समजूतदार, मित्राची बाजू घेणारा. रँडलच्या प्रकरणाने मोडलेला माणूस दाखवायची परवानगी त्याला नाही, कारण ती भेग दिसली तर खेळ संपला. टर्क निर्दोष आहे, पण तो दोषी वाटायला हवा, म्हणून डी निरोला विनाकारण धुमसत राहावे लागते. त्या रागाला पुढे उत्तर नाही. तो प्रेक्षकाला चकवण्यासाठी आहे.

म्हणजे एक नट असलेले लपवतो आणि दुसरा नसलेले दाखवतो. दोघेही प्रेक्षकाशी खेळत आहेत, एकमेकांशी नाही. गाडीत, ठाण्यात, प्रेताशेजारी त्यांची संभाषणे होतात, विनोद होतात, पण त्यातल्या कुणालाही समोरच्याकडून काही हवे नसते. दोन माणसांच्या दृश्यात एकाला काहीतरी मिळवायचे असते आणि दुसऱ्याला ते द्यायचे नसते, तेव्हाच नटाला धरायला काही मिळते. हे नसेल तर कसलेला नट काय करतो? आपल्या जुन्या सवयींवर येतो: पचिनोचे वाक्याच्या मधेच उसळणे, डी निरोचे ओठ मुडपून मान हलवणे. याला आळस म्हणणे मला पटत नाही. रिकामी जागा भरण्याची ती धडपड आहे.

याच्या शेजारी 'हीट'चा कॉफीचा प्रसंग ठेवा. लांबी साधारण सहा मिनिटे, चित्रपटाच्या मध्याच्या सुमारास. व्हिन्सेंट हॅना हा पोलीस (पचिनो) आणि नील मॅकॉली हा दरोडेखोर (डी निरो) बसून बोलतात. दोघांना दुसरा कोण आहे ते पक्के ठाऊक आहे. प्रेक्षकालाही. कुठलेच गुपित नाही, आणि म्हणूनच प्रत्येक वाक्याला वजन आहे: वेळ आली तर मी तुला मारीन, हे दोघे एकमेकांना शांतपणे सांगतात. दिग्दर्शक मायकेल मानने हा प्रसंग बेव्हर्ली हिल्सच्या 'केट मँटिलिनी' या रेस्टॉरंटमध्ये चित्रित केला. आधी तालीम केली नाही. दोन कॅमेरे एकाच वेळी, दोघांच्या खांद्यांवरून लावले, म्हणजे एकाने केलेला बारीक बदल आणि त्यावर दुसऱ्याची त्याच क्षणी उमटलेली प्रतिक्रिया एकाच टेकमध्ये मिळावी. अंतिम प्रसंगाचा बहुतेक भाग अकराव्या टेकमधला आहे. बाजूने, दोघांना एकत्र टिपणारा कॅमेराही लावला होता. तो वापरलाच नाही. दोघे एका चौकटीत शेजारी दिसावेत हा हव्यास मायकेल मानला नव्हता. 'राइटियस किल' नेमका त्याच हव्यासावर उभा आहे.

त्या प्रसंगामागे खरी घटना होती, हेही महत्त्वाचे. शिकागोचा डिटेक्टिव्ह चक अ‍ॅडमसन १९६० च्या दशकात मॅकॉली नावाच्याच खऱ्या दरोडेखोराच्या मागावर होता आणि त्याच्याबरोबर खरोखर कॉफी प्यायला बसला होता. पुढे त्याच मॅकॉलीवर त्याने गोळी झाडली. मानने ही गोष्ट अ‍ॅडमसनकडून ऐकली आणि वर्षानुवर्षे सांभाळली.

वयाचा मुद्दा

चित्रीकरण २००७ मध्ये झाले तेव्हा पचिनो ६७ वर्षांचा होता आणि डी निरो ६४ च्या घरात. न्यूयॉर्क पोलिसांत सक्तीच्या निवृत्तीचे वय ६३. म्हणजे दोघेही खऱ्या आयुष्यात वर्दी उतरवून बसले असते. पात्रे थोडी तरुण आहेत असे मानून पटकथा पुढे सरकते. पण हीच अडचण कथेच्या कामी आणता आली असती: निवृत्तीला काही महिने उरलेत, सुटलेल्या गुन्हेगारांची यादी संपलेली नाही, म्हणून खुनांचा वेग वाढतो आहे. रूस्टरला घाई का, याचे उत्तर एका तारखेत मिळाले असते.

वयामुळे अभिनय ढासळला, हा आक्षेप मात्र टिकत नाही. 'द आयरिशमन' (२०१९) आला तेव्हा डी निरो ७६ आणि पचिनो ७९ वर्षांचा होता. डी निरो माफियाचा मारेकरी फ्रँक शीरन, पचिनो त्याचा मित्र, कामगार नेता जिमी हॉफा. हॉफा ३० जुलै १९७५ रोजी बेपत्ता झाला, हा इतिहास आहे. त्याचे काय होणार हे अमेरिकन प्रेक्षक जाणूनच आत येतो. २०९ मिनिटांच्या त्या चित्रपटात शीरनला मित्राला संपवण्याचा हुकूम मिळतो, त्यानंतरच्या प्रवासात शीरनला आणि प्रेक्षकाला सगळे माहीत असते, हॉफाला नसते. डी निरो फारसे बोलतही नाही. पचिनोला त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. 'राइटियस किल'नंतर अकरा वर्षांनी म्हातारे झालेले तेच दोघे, तेच मैत्री आणि विश्वासघाताचे सूत्र, फक्त माहिती प्रेक्षकाच्या बाजूला ठेवलेली.

आणखी जवळचा पुरावा 'इन्सोम्निया' (२००२). तिथेही पचिनो पोलीस आहे, तिथेही एका जुन्या प्रकरणात बालकाच्या मारेकऱ्याविरुद्ध खोटा पुरावा पेरलेला आहे. धुक्यात त्याच्याच गोळीने त्याचा जोडीदार मरतो आणि तो ते लपवतो, हे प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे ते लपवणाऱ्या माणसाचा चेहरा. अपराध पोटात घेऊन वावरणारा पोलीस पचिनो किती बारकाईने उभा करू शकतो हे सहा वर्षे आधीच सिद्ध झाले होते. रूस्टर लिहिताना त्याच्याकडून तेच काढून घेतले गेले.

हा चित्रपट असा का बनला

निर्मितीची घडणही लक्षात घ्यावी लागते. हा बड्या स्टुडिओचा चित्रपट नव्हता. स्वतंत्र निर्माते अशा वेळी परदेशी वितरकांना चित्रपट बनण्याआधीच हक्क विकतात, त्या करारांवर कर्ज उचलतात आणि चित्रीकरण करतात. करार करताना वितरक पाहतो दोन गोष्टी: नावे कोणाची आणि प्रकार कोणता. 'डी निरो, पचिनो, पोलिसपट' एवढ्या तीन शब्दांत विक्री होते. पटकथेचा आणखी एखादा खर्डा लिहून विक्रीची किंमत वाढत नाही, म्हणून तो लिहिण्याचा दबावही राहत नाही. अ‍ॅव्हनेटने नुकताच पचिनोबरोबर '८८ मिनिट्स' केला होता. तोही समीक्षकांनी नाकारलेला. न्यूयॉर्कची गोष्ट असूनही चित्रीकरणाचा मोठा भाग कनेक्टिकटमध्ये झाला. त्या राज्याने २००६ पासून चित्रपटांना ३० टक्के कर-सवलत देऊ केली होती. पैशाच्या बाजूने निर्णय चोख, पण ज्या शहराच्या रस्त्यांवर या दोघांनी तरुणपणी नाव काढले ते शहर पडद्यावर फारसे जाणवत नाही.

खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. पहिल्या आठवडाअखेरीस १ कोटी ६३ लाख डॉलर, तिसरा क्रमांक. अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे ४ कोटी, जगभरातली ७ कोटी ८० लाखांच्या आसपास. म्हणजे देशांतर्गत कमाईतला ४० टक्के वाटा पहिल्या तीन दिवसांतला. नावांनी लोक आणले आणि बाहेर पडलेल्या लोकांनी पुढच्यांना आणले नाही. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहे ठेवतात, त्यातून जाहिरातीचा खर्च वजा होतो. तिकीटबारीवर हे गणित बसत नाही. पचिनोला त्या वर्षी हा चित्रपट आणि '८८ मिनिट्स' या दोन्हींसाठी वाईट अभिनयाच्या 'रॅझी'चे नामांकन मिळाले. ते लेखकाच्या नावावर जायला हवे होते.

दुरुस्ती कुठे करता आली असती

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत दिलेले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण पटकथेच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगितले जाते: अचानक स्फोट झाला तर पंधरा सेकंदांचा धक्का; बॉम्ब आहे हे आधी दाखवले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. या कथेत बॉम्ब म्हणजे रूस्टर.

पहिले काम, चित्रफीत काढून टाकणे आणि दोघांची खरी नावे पहिल्या पाच मिनिटांत ठाण्यातच उच्चारू देणे. दुसरे, तिसाव्या मिनिटाच्या सुमारास एक खून असा दाखवणे की पिस्तुलामागे पचिनोचा चेहरा दिसतो. बळींमध्ये एक धर्मगुरू आहे. तो प्रसंग यासाठी योग्य, कारण तिथे बोलणे होऊ शकते. त्यानंतर गाडीतले प्रत्येक साधे संभाषण बदलते. संवाद तेच ठेवले तरी चालतील: टर्क खुन्याचे कौतुक करतो आणि शेजारी बसलेला खुनी ते ऐकतो.

मध्यावर, पन्नाशीच्या मिनिटांत, टर्कला कळायला हवे, पण त्याने बोलता कामा नये. बोलला तर रँडलचे पिस्तूल बाहेर येते आणि त्याची स्वतःची नोकरी, निवृत्तिवेतन, नाव सगळे जाते. आता लपवण्याचे काम दोघांकडे आहे. पेरेझ आणि रायली टर्कवर संशय घेतात तोही आता अर्थपूर्ण होतो, कारण टर्क खरेच काहीतरी दडवतो आहे. ड्रग विक्रेता स्पायडर (रॅपर फिफ्टी सेंट) आणि त्याच्या क्लबचे उपकथानक अर्ध्यावर आणले की बऱ्याच मिनिटांची जागा निघते. त्यात एक बैठा प्रसंग हवा. दोघे, एक टेबल, सहा-सात मिनिटे, फोन वाजत नाही, कुणी आत येत नाही. रूस्टर म्हणतो, सुरुवात तू केलीस. टर्ककडे उत्तर नसते.

या फेरबदलाची किंमत आहे. 'खुनी कोण' या प्रश्नावर जाहिरात करता येणार नाही, आणि शेवटच्या धक्क्यासाठी येणारा प्रेक्षक निराश होईल. दुसऱ्या अर्ध्यात भावविवशतेचा धोकाही आहे. दोन म्हाताऱ्या मित्रांची माफीनाट्ये लिहायला फार सोपी असतात. म्हणून त्या बैठ्या प्रसंगात माफी मागायची नाही, आणि जुन्या आठवणीही काढायच्या नाहीत. रँडलचे पिस्तूल कुठून आले, कोणी ठेवले, किती वाजता ठेवले, एवढेच बोलायचे.

आणि मग शेवट, जो आत्ताच्या चित्रपटातही आहे. गोळी लागलेला रूस्टर मरू देण्याची विनंती करतो आणि टर्क आपणच बोलावलेली रुग्णवाहिका रद्द करतो. कल्पना म्हणून हा या पटकथेतला सर्वांत धाडसी क्षण: आयुष्यभर कायद्याचा माणूस म्हणवणारा टर्क दुसऱ्यांदा कायदा मोडतो, पहिल्यांदा मोडला तेव्हा त्यापायी जो मित्र बिघडला त्याच मित्रासाठी. आज तो रहस्य फुटल्यावर लगेच येतो; प्रेक्षक अजून मागचे दुवे जुळवत असतो, आणि रद्द केलेला तो कॉल नोंदीसारखा निघून जातो. अर्धा चित्रपट टर्कने रूस्टरचे गुपित पोटात ठेवले असते, तर वायरलेसवरचे तेच दोन शब्द डी निरोच्या तोंडून ऐकायला लोक पुन्हा तिकीट काढून आले असते.